घरी सांगायचं फिजिक्स

अकरावीचा अभ्यासक्रम ज्याने कोणी आखला, तो माणूस मला एकदा भेटायला हवा आहे. फिजिक्समध्ये आम्ही जुलैतच मुलांना सांगून टाकतो की वेग म्हणजे अंतराचं डेरिव्हेटिव्ह. आणि डेरिव्हेटिव्ह म्हणजे काय, हे गणितात शिकवतात दिवाळीनंतर. लग्न दिवाळीनंतर आणि बारसं जुलैत, असा हा प्रकार आहे. हे झालं गणित घेतलेल्या मुलांचं. ज्यांनी गणित सोडून नुसतं बायोलॉजी घेतलंय त्यांच्या नशिबात लग्नच नाही. तरी बारशाचं आमंत्रण त्यांनाही आहेच, कारण फिजिक्स सगळ्यांना तेच.

ही बिनलग्नाची मुलं माझी. मुलुंड पूर्वेला एका फरसाणाच्या दुकानावर ‘त्रिज्या क्लासेस’ आहेत, तिथे बायोवाल्यांच्या बॅचला मी फिजिक्स शिकवते. मी म्हणजे वनमाला सामंत. मुलं ‘सामंत मॅडम’ म्हणतात, पाठीमागे काय म्हणतात ते मला ठाऊक आहे आणि ते फारसं वाईट नाही. या मुलांना मी डेरिव्हेटिव्हचं नाव न काढता शिकवते. आलेख काढायचा, खालच्या त्रिकोणाचं क्षेत्रफळ काढायचं, सरासरी घ्यायची, सातवी-आठवीचा अल्जिब्रा वापरायचा. काम होतं. डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेला जेवढं लागतं तेवढं नीट होतं.

आता कोणी म्हणेल, बाईंना कॅल्क्युलस, म्हणजे हे डेरिव्हेटिव्हचं गणित, येत नसेल. येतं हो. बीएस्सीला असताना ते जेव्हा डोक्यात शिरलं, तेव्हा आठवडाभर मी हवेत होते. घाटकोपरच्या आमच्या खोलीत आई विचारायची, कोणाच्या प्रेमात पडलीस की काय. पण दार कुठे आहे हे न सांगता कोणाला घरात बोलावू नये, एवढंच माझं म्हणणं.

जूनच्या शेवटी राजेश सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. राजेश सर म्हणजे आमचे मालक. आधी अष्टविनायक आणि नैनिताल अशा टूर्स काढायचे, मग त्यात राम उरला नाही म्हणून क्लास काढला. माणूस वाईट नाही. फक्त प्रत्येक गोष्टीकडे तो सीट भरते की रिकामी राहते याच नजरेने बघतो.

“मॅडम, मागची खोली आपण अबॅकसवाल्यांना दिली,” ते म्हणाले. “आता फिजिक्सची एकच बॅच. मॅथ्सवाले, बायोवाले सगळे एकत्र.”

“आणि शिकवणार कोण?”

“तेच तर. आपल्याकडे चैतन्य जॉइन होतोय. पवईच्या आयआयटीचा आहे, आयआयटीचा! तो कॅल्क्युलसने शिकवतो. तुम्ही अल्जिब्राने शिकवता. मी कोण ठरवणार? रविवारी दोघांचा डेमो ठेवू. पेरेंट्स ठरवतील.”

आमच्याकडची ही डेमोची पद्धत बाहेरच्यांना सांगायला हवी. डेमो लेक्चरला मुलांबरोबर आई-वडील बसतात. मुलं पुढे, पालक मागे. पंचवीस मिनिटं शिकवून झालं की समोसा, आणि समोसा झाला की अ‍ॅडमिशन. म्हणजे ज्या माणसांनी शाळा सोडून जमाना झाला, ती ठरवतात की फिजिक्स कसं शिकवावं. याबद्दल मला आजवर कधी काही वाटलं नव्हतं, कारण आजवर समोर दुसरं कोणी उभंच नव्हतं.

मी हरले तर माझ्या नोकरीचं जे व्हायचं ते होईल, पण माझी बायोवाली मुलं त्या एकत्र बॅचमध्ये सरळ बुडणार, हे मला दिसत होतं. त्यातल्या त्यात प्रांजल परब. या पोरीला जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं. त्यांच्या बिल्डिंगच्या आवारातल्या प्रत्येक कुत्र्याचं थोबाड उघडून दात बघणारी मुलगी. गणिताला दहावीत घाबरली ती घाबरलीच, म्हणून अकरावीत तिने ते सोडलं. तिचे वडील हरेश्वर परब एका औषधांच्या गोदामात स्टोअरकीपर. आजोबा परळच्या गिरणीत होते, गिरणी गेली आणि ही मंडळी मुलुंडला आली. प्रांजलच्या नावनोंदणीच्या दिवशी हरेश्वर मला म्हणाले होते, “मॅडम, मी बारावी सायन्सला फिजिक्समध्ये दोन वेळा उडालो. माझ्या पोरीचं तसं नको व्हायला. बाकी काय नाय.”

चैतन्य डेमोच्या आदल्या दिवशी स्वतःहून भेटायला आला. किडकिडीत, चष्मा, पायात चपला. मी रागावायची तयारी करून बसले होते, पण पोरगा फार सरळ निघाला.

“मॅडम, मला तुमच्या जागेवर यायचं नाहीये,” तो म्हणाला. “पण खरं सांगू का? अल्जिब्राने गेलं की तीन-तीन सूत्रं पाठ करावी लागतात. कॅल्क्युलसमध्ये एकच कल्पना आहे, त्यातून सगळं आपोआप निघतं. इतकं सुंदर आहे ते!”

“निघतं रे बाबा. पण कोणाला?”

“म्हणजे?”

“म्हणजे ज्याला ते शिकवलंय त्याला.”

त्याला माझं म्हणणं कळलं नाही. जिथून तो आला होता तिथे डेरिव्हेटिव्ह न येणारा माणूस त्याने पाहिलाच नसावा.

रविवारी खोली गच्च भरली. पहिली मी. मी ठरवलंच होतं की आज असं शिकवायचं की शेवटच्या बाकावरच्या माणसालाही कळलं पाहिजे. फळ्यावर एक रिक्षा काढली. म्हटलं, ही मिठागर रोडच्या तोंडाशी उभी आहे. सिग्नल सुटला, रिक्षा निघाली. वेग शून्यापासून सारखा वाढत वाढत दहा सेकंदांनी झाला सेकंदाला दहा मीटर. तेवढ्या वेळात ती किती लांब गेली? आलेख काढला, वेगाची तिरकी रेघ काढली, आणि म्हटलं, घाई नाही, विचार करा.

मुलं वहीत रेघा ओढू लागली. मग मागून आवाज आला, “पन्नास मीटर.”

हरेश्वर परब. सगळ्यांनी माना वळवल्या तसे ते लाजले.

“बरोबर! कसं काढलंत?”

“नाय म्हणजे... सुरवातीक शून्य, शेवटाक धा. मधला पाच धरला,” ते म्हणाले. घाबरले की त्यांच्या बोलण्यात गाव यायचं. “पाच गुणिले धा.”

“हेच! हेच फिजिक्स!” मी ओरडलेच. पालकांनी टाळ्या वाजवल्या. प्रांजल मागे वळून बापाकडे असं बघत होती की जणू त्याने सिक्सर मारला. पुढच्या दोन गणितांना मागच्या बाकांवरून भराभरा उत्तरं आली. एक आजी तर नातवाला खुणेने उत्तर सांगत होत्या. इतक्या वर्षांत इतकं छान लेक्चर माझ्या हातून झालं नव्हतं, आणि हे मी नम्रपणा बाजूला ठेवून सांगते.

मग चैतन्य आला. तीच रिक्षा त्याने घेतली, पण फळ्यावर यायच्या आधीच ती नाहीशी झाली. तिच्या जागी एक ठिपका आला. ठिपक्यावरून अक्षरं, अक्षरांवरून ती उंच वळणदार इंटिग्रेशनची खूण, तिच्या डोक्यावर एक आकडा, पायाशी एक. त्याचे डोळे चमकत होते, मुलांकडे बघायचं तो विसरला होता. दोन फळे भरले, पुसले, परत भरले. शेवटी उत्तर आलं. पन्नास मीटर.

खोलीत चिडीचूप. मला वाटलं, संपलं बिचाऱ्याचं.

समोशांच्या टेबलापाशी राजेश सर एकेका पालकाशी बोलत होते. अर्ध्या तासाने ते माझ्याकडे आले तेव्हा त्यांच्या हातात समोसा नव्हता, त्यावरून मी ओळखलं.

“मॅडम, सगळे चैतन्यकडे गेले.”

“सगळे?”

“सगळे. तुमचं सगळ्यांना आवडलं हां. पण गेले तिकडे.”

मी तडक हरेश्वर परबांना गाठलं. राग लपवायची मला सवय नाही. म्हटलं, “परब, तुम्ही? तुम्ही तर उत्तर दिलंत! माझं शिकवणं कळलं नाही का तुम्हाला?”

“कळलं ना मॅडम! एक नंबर कळलं,” ते म्हणाले, आणि मग अगदी समजुतीच्या सुरात, जणू मलाच धीर देताहेत, “म्हणून तर विचार केला. बघा, मी दोन वेळा नापास झालेला माणूस. मला जर कळतंय, तर ते फिजिक्स कितीसं कडक असणार? पोरगीला डॉक्टर व्हायचंय. त्या सरांचं मला ओ की ठो कळलं नाय. म्हटलं, हां, हे असणार खरं.”

बाजूच्या बाई म्हणाल्या, “आणि दोन फळे भरले ना त्यांनी. तुमचा अर्धाच भरला.”

मी घरी आले आणि दुपारभर भांडी आपटली.

एकत्र बॅच सुरू झाली. राजेश सरांनी मला ‘डाउट सॉल्व्हिंग’ असं भारी नाव देऊन जिन्यालगतच्या कोपऱ्यात बसवलं. पण डाउट यायला आधी काहीतरी कळावं लागतं. बायोवाली मुलं यायची आणि उभी राहायची. “काय विचारायचंय?” म्हटलं की एकमेकांकडे बघायची. ऑगस्टमध्ये पहिली चाचणी झाली आणि माझ्या मुलांनी सपशेल आडवं पडून दाखवलं. प्रांजलला पंचविसात दोन, तेही एकक बरोबर लिहिल्याचे.

मला वाटलं, आता तरी पालकांचे डोळे उघडतील. उघडले, पण भलतीकडे. शिकवणं चुकतंय असं एकालाही वाटलं नाही. सर एवढे हुशार, तर पोरंच कमी पडणार! दोन-तीन जणांनी आपापल्या मुलांना कॉमर्सला वळवायची भाषा सुरू केली. प्रांजल एका संध्याकाळी माझ्या कोपऱ्यात येऊन बसली आणि रडली.

“पप्पा बोलले, झेपत नाय तर कशाला डोकं फोडायचं. दिवाळीच्या आत कॉमर्सला टाकतो. ते रागावले पण नाहीत मॅडम. बोलले, माझ्यावर गेलीस तू.”

हे ऐकून माझं डोकंच फिरलं. मी तशीच केबिनमध्ये गेले. तिथे चैतन्य आधीच उभा होता, आणि राजेश सरांना सांगत होता, “सर, बायोच्या मुलांना मी नाही शिकवू शकत. मॅथ्सवाल्यांना दिवाळीनंतर तरी कळेल, यांना डेरिव्हेटिव्ह कोणी शिकवणारच नाही. मला वाटलं, लाजतायत. त्यांना मॅडमना द्या.”

“मी देईन रे,” राजेश सर हताश होऊन म्हणाले. “सीटा जायला लागल्यात, मला काय कळत नाही का? अबॅकसवाल्यांना सकाळची वेळ देऊन खोली पण काढतो. पण पेरेंट्स मॅडमकडे पाठवणार नाहीत. ते मला म्हणतील, पोरांना ढ बॅचमध्ये टाकलंत. परत डेमो घ्यावा लागेल.”

डेमो! मी हात जोडले. पण जिन्यावरून उतरताना चैतन्य माझ्यामागे आला आणि हळूच म्हणाला, “मॅडम, घ्या डेमो. फक्त या वेळी त्यांना फिजिक्स कळू देऊ नका.”

पुढचे दोन दिवस त्या पोराने माझी तयारी करून घेतली. काय सांगू! तीस वर्षं मी ज्या ज्या सवयी घालवल्या, त्या त्याने एकेक करून परत शिकवल्या.

“रिक्षा म्हणू नका. पार्टिकल म्हणा. रिक्षा ऐकली की लोकांना दिसायला लागते.”

“बरं.”

“मुलांकडे पाठ ठेवा. प्रश्न विचारायचा नाही. आणि मधेमधे ‘ऑब्व्हियसली’ म्हणा.”

“कुठे म्हणू?”

“जिथे सगळ्यात कमी कळेल तिथे.” एवढं बोलून तो ओशाळला. “मी मुद्दाम नाही करत हां मॅडम. मला ते खरंच ऑब्व्हियस वाटतं.”

“माहीत आहे रे,” मी म्हटलं. त्याचं खोटं नव्हतं, म्हणून तर त्याच्यावर चिडता येत नव्हतं.

दुसरा डेमो झाला. मी फळ्याकडे तोंड करून, एका पार्टिकलबद्दल, इंटिग्रेशनच्या तीन खुणा एकीपुढे एक मांडून बोलत राहिले. तिथे एकीची गरज होती. बाकी दोन शोभेच्या. चार वेळा ऑब्व्हियसली म्हटलं. तीन फळे भरले. मुलं मेल्यासारखी बसली होती, आणि मागच्या बाकांवर माना डोलत होत्या. हरेश्वर परब हाताची घडी घालून, देवळात कीर्तनाला बसावं तसे बसले होते. उत्तर आलं तेव्हा टाळ्या नाही पडल्या. आदराची शांतता पडली. मागच्या वेळी फळे मोजणाऱ्या त्या बाई उठून म्हणाल्या, “मॅडम, तुमची लेव्हल एवढी आहे हे त्या वेळी कळलंच नाही.”

सगळ्या बायोवाल्यांचे पालक माझ्याकडे आले. प्रांजलचं कॉमर्स रद्द झालं. राजेश सरांनी दारावर पाटी लावली, ‘अ‍ॅडव्हान्स्ड मेडिकल फिजिक्स’. मी म्हटलं, लावा. माझी मुलं परत मिळाली होती आणि मला हसू आवरत नव्हतं.

पहिल्या दिवशी मी दार लावलं, रिक्षा काढली, मिठागर रोडला उभी केली. तासाभरात मुलांच्या चेहऱ्यावर तजेला परत आला. शेवटच्या गणिताला प्रांजलने कोणाच्याही आधी उत्तर दिलं, आणि मग एकदम पेन खाली ठेवलं.

“काय गं?”

“मॅडम, सगळं कळलं.”

“मग?”

“पप्पा रोज जेवताना विचारतात, आज काय शिकवलं. मी हे सांगितलं तर त्यांना पण कळेल.” ती बेंचवर नखाने रेघ ओढत म्हणाली, “मग ते परत बॅच बदलतील.”

मागून कोणीतरी म्हणालं, “माझी मम्मी पण, मॅडम.” आणि मग चहूकडून तेच.

तेव्हापासून माझ्या तासाची शेवटची पाच मिनिटं ‘घरी सांगायचं’ म्हणून राखून ठेवलेली असतात. त्यात मी मुलांना त्या दिवसाचं फिजिक्स असं काही गुंडाळून देते की जेवणाच्या टेबलावर कोणाला त्याचा थांग लागू नये. मुलांना ही पाच मिनिटं फार आवडतात. दुसऱ्या चाचणीत प्रांजलला पंचविसात एकोणीस पडले आणि तिने एका आजारी मांजराला स्वतःच्या हाताने गोळी खायला घातल्याची बातमीही मला त्याच दिवशी दिली.

परवा नवघर रोडवर भाजी घेताना हरेश्वर परब भेटले. हातात पालेभाजीची पिशवी, अंगात गोदामाचा निळा शर्ट. मला बघून त्यांचा चेहरा असा फुलला की मलाही बरं वाटलं.

“मॅडम, पोरगी काय बोलते ना आजकाल, एक अक्षर कळत नाय!” ते अभिमानाने म्हणाले. “जेवताना सांगते आणि मी आपला हां हां करतो. हिला बोललो, तू तर गेलीस बघ पुढे.”

मी हसले. खरं तर तिथेच थांबायला हवं होतं. पण पहिल्या डेमोच्या दिवशीचा त्यांचा तो लाजलेला चेहरा माझ्या डोळ्यांसमोर आला आणि राहवलं नाही.

“असं काय म्हणता? तुम्हालाही फिजिक्स येतं की. त्या दिवशी रिक्षाचं उत्तर तुम्हीच दिलं होतंत. सगळ्यांच्या आधी.”

त्यांनी हात झटकला. “छे हो! तो तुक्का होता, मॅडम. तेव्हा उगाच वाटलं होतं मला, की आपल्याला जमलं. घरी जाऊन बायकोला पण सांगितलं होतं. मग तुमचं त्या दुसऱ्या टायमाचं लेक्चर ऐकलं, तेव्हा समजलं आपल्याला काय येतं ते.”

ते हसत होते. मला सांगायचं होतं की तुक्का नव्हता, परब. शून्य आणि दहाचा मधला पाच तुम्ही स्वतःच्या डोक्याने काढलात, आणि तेच फिजिक्स आहे, तुमची पोरगी रोज तेच शिकते. शब्द अगदी तोंडाशी आले होते. पण हे ऐकून त्यांनी रात्री जेवताना प्रांजलला नीट काय ते विचारलं असतं, त्यांना ते कळलं असतं, आणि सोमवारी तिची बॅच बदलली असती.

“हो,” मी म्हटलं, “लागतो असा एखादा तुक्का.” आणि भाजीवाल्याला कोथिंबिरीचा भाव विचारला.